भाताचं कार्ड

घाटकोपरच्या भटवाडीत राहणाऱ्या प्रेमा सावंतला एका शब्दाची भीती वाटायची. शब्द अगदी साधा, तिच्या मालवणी बोलीतला, 'ठीक आहे' अशा अर्थाचा. 'बरां.'

उन्हाळ्यात तिच्या नवऱ्याच्या मेंदूला झटका आला. दशरथ लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. त्याचा आवाज असा, की तळमजल्यावरून हाक मारली तर सातव्यावरचा कबुतरांचा थवा उडायचा. झटक्याने त्याचा उजवा हात गेला, आणि शब्द गेले. एकच उरला. तहान लागली की 'बरां'. संतापला की 'बरां'. एकदा गरम चहा मांडीवर सांडला, कातडी लालबुंद झाली, डोळ्यांतून पाणी आलं आणि तोंडातून काय? 'बरां, बरां!'

तेव्हापासून प्रेमाला एकच भीती. उद्या ह्यांच्या छातीत कळ आली तर? तेव्हाही हे 'बरां'च म्हणतील, आणि मी शेजारी बसून शेंगा सोलत असेन!

स्पीच थेरपीच्या अस्मिता मॅडमनी उपाय सांगितला. "कार्डं करा. त्यांचा कप, त्यांचा टॉवेल, तुमच्या हातचा भात. घरातलेच फोटो, आणि रंगीतच. बोलता येत नसलं तरी बोट दाखवून सांगता येईल. दर आठवड्याला नवी कार्डं. फक्त खंड पडू देऊ नका हं. हे सुरुवातीचे महिने फार मोलाचे."

झालं. त्या भीतीशेजारी दुसरी भीती. खंड.

"घरीच प्रिंटर घेऊ," मुलगी श्वेता म्हणाली. "हा बघ, किती स्वस्त!"

"आणि शाई?"

"येते ना सोबत."

"तुझ्या कॉलेजच्या वेळचो आठवता? पिवळी संपली म्हणून काळापण छापीना. रुसून बसलेलो जावई बरो! नव्या शाईच्या डब्या घेता घेता दुसरो प्रिंटर इलो असतो."

म्हणून दोघी स्टेशनजवळच्या दुकानात गेल्या. तिथल्या मिहिरने आधी तोच स्वस्तातला पुढे केला.

"अ‍ॅव्हरेज किती देतो?" प्रेमाने विचारलं.

"काय मावशी?"

"रिक्षा घेताना इचारतत ना, तसा. एकदा शाई भरली की किती पानं?"

"आई, हळू बोल ना," श्वेता पुटपुटली. पण मिहिर हसला आणि तो खोका त्याने बाजूला सारला.

"मग तुम्ही टाकीवाला घ्या. आत्ता महाग वाटेल, पण बाटलीने शाई ओतायची, डब्यांचा खर्च नाही. मात्र खोक्यावर लिहिलंय तेवढी पानं निघणार नाहीत, आधीच सांगतो. तो आकडा साध्या पानांचा. तुमचे फोटो म्हणजे पानभर रंग."

"तो पलीकडचा?"

"लेझर. शाई सुकायची भानगडच नाही. पण ह्या किमतीत फक्त काळंपांढरं."

"नको. काळो टोमॅटो आणि काळो बटाटो, ह्यांका कसो कळतलो?"

टाकीवाला ठरला. बिल करता करता मिहिर म्हणाला, "आठवड्यातून एक तरी रंगीत पान काढत जा, नाहीतर शाई आत सुकते. आणि टाकी भरल्यावर प्रिंटर कधी उलटा करायचा नाही. शाई सांडली आत, की वाट लागली!"

प्रेमा गेली होती प्रिंटर आणायला, आणि त्याच्याबरोबर दोन नव्या धास्त्या घेऊन घरी आली.

सराव सुरू झाला. ती रोज पलंगावर कार्डं मांडायची. पाणी, चहा, भात, पंखा, श्वेता. शेवटी सगळ्यांत नावडतं कार्ड, छातीवर हात धरलेला माणूस. "हयसर दुखता काय? अहो, सांगा ना!" दशरथ खिडकीबाहेर बघायचा. कधी डाव्या हाताने अख्खा पसारा भिरकावून द्यायचा. स्वतःहून त्याने एकही कार्ड उचललं नव्हतं. त्याला कळतंय की नाही, हेच तिला कळत नव्हतं.

दसरा आला. दरवर्षी ह्या दिवशी दशरथ हत्यारांची पेटी उघडून पाने, पकडी पुसून मांडायचा. यंदा प्रेमाने मांडली. पलंगावरून तो बघत होता. हळदकुंकू वाहून झालं आणि तिला वाटलं, आता घरात राबणारं यंत्र कोणतं? मग प्रिंटरलाही कुंकवाचं बोट लागलं, झेंडूचं फूल आलं, आणि हात जोडून तिने वरून मूठभर अक्षता टाकल्या. "सांभाळ रे बाबा. खंड पाडू नको."

मागून आवाज आला, "बरां! बरां बरां!"

"होय, होय. छान दिसता," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी श्वेता ऑफिसला गेल्यावर प्रेमाने फोनवरून नवं पान सोडलं. कागद आत शिरला. खर्रर्र... कट्. अर्ध्यावर थांबला. नारिंगी दिवा लुकलुकायला लागला.

तिने कागद हळूच ओढून काढला, परत घातला. खर्रर्र... कट्. शाई सुकली? कुंकू आत गेलं? श्वेता फोन उचलेना. अस्मिता मॅडमचं वाक्य कानात वाजत होतं. एवढ्यात पलंगावरून, "बरां!"

वळून बघते, तर दशरथचा चेहरा लाल, कपाळाची शीर ताठलेली. प्रेमा धावली. "काय होता? छातीत? अहो!" तिने सगळी कार्डं त्याच्यापुढे ओतली.

त्याचं बोट छातीच्या कार्डावर आलं. बोट पुढे सरकलं. त्याने एक कार्ड उचललं.

भात.

"भूक लागली?" ती रडायचीच बाकी होती. "भूकच ना? हाडतंय, आत्ता हाडतंय!" ताटलीत सकाळचा भात घेऊन ती आली. त्याने ताटली ढकलली. भाताचं कार्ड पुन्हा तिच्या नाकासमोर धरलं, आणि त्याच कार्डाने प्रिंटरकडे खूण केली. मग पुन्हा. लिफ्टच्या शाफ्टमधून खालच्या मदतनीस पोराला शिव्या घालताना असायचा, अगदी तसा चेहरा.

भात. प्रिंटर. प्रेमाने प्रिंटरकडे पाहिलं. मागची कागद घालायची फट आ वासून उघडी होती. काल तिने ती झाकलीच नव्हती.

"अगो बाय माझे... अक्षता!"

"बरां!" दशरथ ओरडला.

उलटा करून झटकायची सोय नव्हती. दशरथने पेटीकडे बोट केलं. तिने लांब चिमटा काढला, बॅटरी काढली. बॅटरी त्याने डाव्या हातात घेतली. तिने प्रिंटरचं बटण बंद केलं, त्याखालचं स्टूल प्रिंटरसकट ओढत पलंगाशी आणलं, आणि फटीत चिमटा घातला. दाणा दोनदा चिमट्यातून निसटला. दशरथच्या हातातला उजेड मात्र हलला नाही. शेवटी कुंकवाने लाल झालेले दाणे एकेक करून बाहेर आले.

बटण. घरघर. कागद आत गेला, आणि सावकाश, रंगीत होऊन बाहेर आला.

प्रेमा पलंगावर त्याच्याशेजारी बसली. भीती पुरती गेली नव्हती, ती कुठची जायला! तिने छातीचं कार्ड उचललं आणि रोजच्यासारखं विचारलं, "हयसर दुखत नाय ना?"

दशरथने ते कार्ड तिच्या हातातून काढून घेतलं आणि पालथं ठेवलं.

मग पुन्हा भाताचं कार्ड उचललं. या वेळी प्रिंटरकडे नाही, मघाशी ढकललेल्या ताटलीकडे बघत.

"आता खरोच भात होयो?" प्रेमाने डोळे पुसत विचारलं.