शिक्का नसलेले कप

कपांच्या कारखान्यात सगळे त्याला ‘कान’ म्हणत. काम साधं होतं. एका हाताने कप उलटा धरायचा, दुसऱ्या हातातल्या लाकडी काडीने हलकेच ठोकायचा. खणखणीत वाजला की बुडाला आपला गोल शिक्का मारायचा. बद्द वाजला की बाद. तेवीस वर्षं त्याच्या निवाड्यावर कुणी ब्र काढला नाही.

पन्नाशी उलटली आणि खणखणीत-बद्दमधला फरक पुसट होऊ लागला. मालकांनी त्याच्या कानामागे, कातडीखाली, नवं यंत्र बसवून घेतलं. माणसाच्या कानाला पकडता येत नाही तेही ते ऐकवी.

“आता तुला मुंगीची ढेकर ऐकू येणार,” भट्टीवाला म्हणाला. बायको वारल्यापासून ‘कान’ दिवसाकाठी जे काही बोले ते या भट्टीवाल्याशीच, दुपारी एका बाकावर डबा खाताना.

यंत्रासह पहिल्याच दिवशी त्याने चारशेंपैकी एकशे साठ कप बाद केले. झिलईखालचे केसाएवढे तडे त्याला ऐकू येत होते. एवढ्याशा तड्याने कप फुटत नाही हे तो जाणून होता. पण ऐकलेलं न ऐकल्यासारखं करणं त्याच्या हाताला जमेना.

भट्टीवाला तरातरा आला. “काय रे, मी भट्टीत नेमकी कुठे माती खाल्ली?”

“तडे आहेत.”

“दाखव.”

“दिसत नाहीत. वाजतात.”

“गेल्या महिन्यात हीच माती, हीच आच. तेव्हा तर शाबासकी दिलीस.”

“तेव्हाही असतील. मला ऐकू येत नव्हते.”

“मग तेवीस वर्षं माझी पाठ थोपटत होता तो कोण?”

‘कान’ने पुढचा कप उचलून ठोकला. दुसऱ्या दिवसापासून भट्टीवाला डबा भट्टीपाशीच उघडू लागला. बाकावर एकट्याने जेवताना ‘कान’ला स्वतःच्या घास चावण्याचा आवाज नको इतका ऐकू येई.

आठवड्याने तो दवाखान्यात गेला. यंत्र लावून देणारी मुलगी म्हणाली, “कमी करून देते ना, काका. पूर्वी जेवढं ऐकू यायचं तेवढं करू. सांगा, किती?”

तिने एकामागून एक सूर वाजवले. पूर्वीचा आपला कान कुठे थांबायचा, ते त्याला सांगता येईना. शेवटी एका सुरावर त्याने अंदाजाने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी एकही कप बाद झाला नाही. त्यातला एक घेऊन तो भट्टीपाशी गेला.

“चारशेच्या चारशे पास.”

भट्टीवाल्याचा चेहरा सैलावला. त्याने कप उलटा केला. बूड कोरं होतं.

“शिक्का?”

“मारला नाही. मी पारखले कुठे? ऐकणं तेवढं कमी करून आलो.”

“अरे, मार की. कोण विचारतंय?”

“नाही मारवत.”

भट्टीवाल्याने कप त्याच्या हातात परत दिला. “मग मालकांना सांग जाऊन. मला कशाला ऐकवतोस?” एवढं बोलून तो भट्टीच्या दाराकडे वळला.

 ‘कान’ तो कोरा कप घेऊन मालकांच्या खोलीकडे निघाला.