मुद्दाम हरल्याचा आरोप

दोन हजार सहा-सातच्या सुमारास, वर्ध्यात हार्डवेअरचं दुकान चालवत असताना, माझ्यावर गोल्फमध्ये मुद्दाम हरल्याचा आरोप आला.

खरं गोल्फचं मैदान मी आजतागायत पाहिलेलं नाही. आमच्याकडे एवढी मोकळी जागा दिसली की लोक कपाशी पेरतात. पण घरी कॉम्प्युटर आला, मागोमाग इंटरनेट आलं आणि दुकान उघडायच्या आधी तासभर मी त्यावर गोल्फ खेळू लागलो. पडद्यावर एक पट्टी सरकते. नेमक्या जागी बटण दाबलं की चेंडू झेंड्याकडे उडतो. (माझा तळ्याकडे उडायचा. तळं नसलं तर शोधून काढायचा!) समोर जगातला कुठलाही माणूस येई, पण बरोबरीचाच. त्यासाठी तीन गट होते: नवखे, मधले आणि तरबेज. जिंकत गेलं की वर, हरत गेलं की खाली. न्याय चोख!

तरी माझी रोज धुलाई! मी हरत हरत तासाभरात नवख्यांत येई आणि दुसऱ्या सकाळी पाहावं तर पुन्हा मधल्यांत, समोर एकेक पहिलवान! कंपनीला आपल्यात काहीतरी गुण दिसले असतील, असं समजून मी खूश होतो.

मग कॉम्प्युटरवर कंपनीचं इंग्रजी पत्र आलं. शब्दकोश घेऊन वाचलं. 'तुम्ही सकाळी मुद्दाम हरून खालच्या गटात उतरता आणि दुपारी नवख्यांना झोडपता. आठ दिवसांत खुलासा करा, नाहीतर खातं बंद आणि तुमचं नाव लबाडांच्या यादीत.' माझं नाव! ज्यानं गिऱ्हाइकाला कधी एक खिळा कमी दिला नाही, त्याचं! मला जेवण जाईना.

"दुपारी?" मी ओरडलो. "दुपारी तर मी जेवून घोरतो!"

स्वयंपाकघरात सुनंदा, म्हणजे आमची बायको, कणीक मळायची थांबली.

"अवं, दुपारी कोण खेळते?"

"थोडंसंच खेळणं होते जी."

"थोडंसं म्हंजे?"

"तुमी झोपले का उठेपर्यंत."

"माह्या खात्यावर?"

"अजी, घरात गॅसचं कार्ड एक, पेपर एक, टीव्ही एक. खातं काऊन दोन पाह्यजे?"

दूध उतू जायच्या आत गॅस बंद करणारा तिचा हात, ती पट्टी बरोबर जागेवर थांबवायचा. ती दुपारी गट चढवायची, मी सकाळी उतरवायचो.

जवळच्याच पिपरी मेघे गावचे देशकर सर इंग्रजी शिकवायचे. त्यांना खुलासा लिहायला बोलावलं.

"भाऊ, खरं तेच लिहितो," सर म्हणाले. "पण माणूस खरंच इतका हरते, यावर त्याईचा विश्वास बसन का?"

नाहीच बसला. कंपनीचं उत्तर आलं: रविवारी दोघांनी एकेक डाव खेळा, आम्ही बघू.

रविवारी आधी सुनंदा बसली आणि आरामात जिंकली. मग मी. डोळे मिटून बटण दाबलं आणि चेंडू थेट झेंड्याशेजारी! आयुष्यात पहिल्यांदा!

"अजी, आजच काऊन चांगले खेळून राह्यले!" सुनंदा किंचाळली.

"मी काय मुद्दाम करून राह्यलो?"

"मुद्दाम म्हनू नोका ना जी!"

मी पुरता अडकलो. चांगलं खेळावं तर रोजचं हरणं खोटं ठरतं आणि जाणूनबुजून चुकावं तर तीच लबाडी!

"भाऊ," सर म्हणाले, "रोजच्यासारखं मनापासून खेळा."

मी देवाचं नाव घेतलं आणि जीव तोडून खेळलो. पुढच्या झेंड्याकडे मारलेला चेंडू वाळूत. वाळूतून तळ्यात. तळ्यातून काढला तो पुन्हा तळ्यात, असं पाच वेळा! नंतरचा तर उलटा फिरून मागच्या झेंड्याकडे गेला. सरांनी फटके मोजायचं सोडून दिलं. सुनंदा मात्र माझ्याकडे इतक्या कौतुकानं बघत होती की लग्नातसुद्धा तिनं तसं पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पत्र आलं. सरांनी मोठ्यानं वाचलं: 'तुमचा खेळ आमच्या तिघांनी तपासला. इतकं वाईट मुद्दाम खेळता येत नाही. आरोप मागे घेतो. तसदीबद्दल क्षमस्व.' शिवाय दोघांना वेगवेगळी खाती!

जीव भांड्यात पडला. खरं सांगतो, मला रडू आलं. मी गल्लीत पेढे वाटले, पत्र छापून आणलं, काच लावून दुकानात टांगलं. निर्दोष सुटल्याचं इंग्रजी पत्र, म्हणजे लोकांत इज्जत वाढेल आणि पूर्ण वाचणार कोणी नाही, असा माझा नेम होता.

तोही तळ्यात गेला. पहिल्याच गिऱ्हाइकानं ते अख्खं वाचलं, आणि मराठीत सांगून दुकानभर हशा पिकवला!