किल्ली लग्नाला गेल्ती

राजानंदला टेंभुर्णीत कुणी रागीट म्हणत नाही. "त्याला बराबरच लागतं," एवढंच म्हणतात. जालन्याच्या रस्त्यावर तो काळीपिवळी चालवायचा तेव्हाची गोष्ट. एका हवालदारानं भरल्या जीपची किल्ली काढून घेतली. बाकीचे ड्रायव्हर अशा वेळी हातापाया पडतात, चहापाण्याचं बघतात. राजानंदनं पॅसेंजर खाली उतरवले, त्यांच्याकडूनच जीप ढकलून घेतली आणि नेऊन ठाण्याच्या दारात आडवी लावली. "किल्ली तुमच्यापाशी हाये, मंग गाडी बी तुम्हीच सांभाळा," म्हणाला आणि पायरीवर बसून राहिला. साहेबाची गाडी आत अडकली तेव्हा किल्ली मिळाली. तेव्हापासून त्या रस्त्यावर त्याच्या किल्लीला कुणी हात लावला नाही.

पुढं जीप थकली. पॅसेंजर एसटीकडं, रिक्षाकडं वळले. राजानंदकडं उरली ती डायलिसिसची माणसं, ज्यांना आठवड्यातून दोनदा जालन्याच्या दवाखान्यात गेल्याशिवाय गत्यंतर नाही. पण मशीनवर रक्त धुऊन परत निघालं की ही माणसं चिपाडासारखी झालेली असतात. डिझेलचा वास आणि स्प्रिंगच्या पाट्यांचे धक्के त्यांना सोसायचे नाहीत. एक म्हातारा तर खिडकीतून डोकं बाहेर काढूनच घरी यायचा. म्हणून राजानंदनं जीप विकली आणि बॅटरीवरची कार घेतली. धूर नाही, घरघर नाही. त्याची बायको ज्योत्स्ना म्हणाली, "चांगलं झालं. आतापर्यंत गाडी अन् तुम्ही दोघं बोंबलायचे, आता तुम्ही एकलेच."

रात्री घरच्या प्लगला गाडी लावायची आणि सकाळी निघायचं, असं बरेच महिने सुरळीत चाललं. मग उन्हाळ्यात गावची डीपी जळाली. ट्रान्सफॉर्मर आज येतो, उद्या येतो, असं वीजवाले सांगत राहिले. गाव अंधारात, मोटारी बंद, आणि राजानंदची गाडी दारात उभी. ती उभ्या उभ्या रिकामी नव्हती झाली. आदल्या सांजेला एका बाळंतिणीला जाफराबादला सोडून यावं लागलं होतं. सकाळी बघितलं तर अर्ध्या वाटेपुरतंही बळ बॅटरीत उरलं नव्हतं. आणि तो मंगळवार होता. साळूबाईची डायलिसिसची पाळी.

साळूबाई त्याच्या गल्लीतलीच. जन्मभर खुरपणी केलेली, नवरा जाऊन लई साल झालेली, जिभेला धार. तिच्या डाव्या हाताच्या शिरेला डॉक्टरांनी टाका घालून फुगा केलेला आहे, मशीनची सुई खुपसायला. तिथं बोट ठेवलं की आत थरथर लागते. लहान लेकरांना ती बोट ठेवायला लावते आणि सांगते, "पाह्य, म्या बी बॅटरीवरच चालून राह्यले." आधीच्या शुक्रवारची तिची पाळी दवाखान्यातलं मशीन बिघडल्यानं हुकली होती. मंगळवारी पाय सुजून चपलीत जात नव्हते, आणि दोन घरं ओलांडून राजानंदच्या दारात यायला तिला भिंतीला धरून दोनदा थांबावं लागलं.

"मावशी, बसा. वाटंत पंपावर गाडी भरून घेऊ," राजानंद म्हणाला. "त्याह्यची डीपी येगळी हाये."

जालन्याच्या रस्त्यावर बद्रीनाथचा पेट्रोल पंप आहे. तिथं चार महिन्यांपूर्वी गाडी चार्ज करायचं मशीन बसलं होतं. उद्घाटनाला मांडव, फेटे, नारळ, फोटो. राजानंदचाही फोटो निघाला होता, कारण त्या दिवशी मशीनला लावायला दुसरी गाडीच नव्हती. त्यानंतर घरच्या प्लगवर भागत असल्यानं तो तिकडं फिरकला नव्हता. आज मोबाइलवरच्या ॲपात बघितलं तर पंपाच्या खुणेवर हिरवा ठिपका आणि खाली 'उपलब्ध'. त्यानं एसी बंद केला, काचा खाली केल्या आणि बैल दमू नये म्हणून चालवावी तशी गाडी हळूहळू पंपावर आणली.

मशीन जागेवर होतं. हारही होता, वाळून काथ्या झालेला. गाडीत खुपसायची जी गन असते, तिच्या मुठीतून बोटभर जाडीची साखळी ओवलेली होती, आणि साखळीला कुलूप.

पेट्रोल सोडणारा हरिओम खिडकीपाशी आला. मिशा पिकलेला, सरळ माणूस. "दादा, शेठ न्हाईत."

"शेठला काय करायचं? किल्ली दे."

"किल्ली शेठच्या करगोट्याला असती. शेठ साडूच्या पोरीच्या लग्नाला गेले चिखलीला."

"म्हंजी किल्ली लग्नाला गेली?"

"व्हय."

कुलूप का, हे राजानंदला विचारायची गरज नव्हती. आपल्याकडं तांब्याची वायर रात्री उघड्यावर कोण ठेवतं? विहिरीवरची केबल सांजेला गुंडाळून घरी आणायची, खाटेखाली टाकायची, सकाळी पुन्हा जोडायची, ही इथली रीतच आहे. बद्रीनाथच्या विहिरीची केबल तीनदा कापून नेलेली. मशीन आलं तेव्हा त्यानं सगळ्यात आधी बघितलं ते त्या जाड काळ्या वायरकडं, आणि आत किती तांबं असेल याचा अंदाज करून दुसऱ्या दिवशी साखळी आणली. राजानंदनंही हेच केलं असतं. म्हणूनच त्याचं डोकं जास्त फिरलं.

"कुलूप लाव ना बाबा," तो म्हणाला, "दोन लाव. पण चोरासाठी लाव, गिऱ्हाइकासाठी काहून लावून राह्यला? अन् किल्ली कंबरेला बांधून वरातीत नाचतो?"

"मला काय माहीत दादा. चार महिन्यात तुम्ही पह्यलेच आले."

बद्रीनाथला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला, परत तेच. मग मशीनवर छापलेला मदतीचा नंबर लावला. आधी गाणं वाजलं. मग एक मुलगी गोड आवाजात आली आणि गाडीचा नंबर, मशीनचा नंबर, मोबाइलचा नंबर विचारून म्हणाली, "सर, आमच्याकडे मशीन उपलब्ध दाखवत आहे."

"ताई, कुलूप हाये त्याला."

"सर, कुलूप म्हणजे एरर कोड कोणता दिसतोय?"

"एरर न्हाई ओ. कुलूप. लोखंडाचं."

"सर, आमच्या सिस्टिमला मशीन हिरवं दिसत आहे. तुम्ही एकदा ॲप बंद करून परत चालू करा."

मागच्या सीटवरून साळूबाई बोलली, "तिला म्हणावं इकडं ये माय. माझे पाय पाह्य, ते बी हिरवे-निळे झाले."

राजानंदनं फोन ठेवला. ऊन डोक्यावर येत होतं. हरिओमनं साळूबाईला पाण्याचा तांब्या दिला. तिनं एक घोट तोंडात घेतला, खळखळवला आणि थुंकला. "गिळता येत न्हाई रे. पिलेलं पाणी निघतच न्हाई अंगातून, छातीत चढतं," ती म्हणाली. तिचा श्वास आता ऐकू येत होता. दवाखान्यात पाळीला जो पोचत नाही त्याचं मशीन पुढच्याला देतात. आणि पुढचाही तसाच टेकलेला असतो, त्याच्याशी काय भांडायचं?

राजानंद उठला. पलीकडच्या पंक्चरच्या दुकानातून लोखंड कापायचं करवतीचं पातं घेऊन आला.

हरिओम आडवा झाला. "दादा, नका. माझी नौकरी जाईल."

"तू नगं पाहू."

"कॅमेरा पाहतो ना."

तेवढ्यात साळूबाई गाडीतून उतरली. कशी उतरली तिचं तिलाच ठाऊक. प्लास्टिकची खुर्ची ओढत मशीनपाशी नेली, बसली आणि उजव्या हातानं साखळी ताणून धरली. "काप," ती म्हणाली. "हालतं कुलूप कापत न्हाई. अन् हरिओम, तुह्या शेठला सांग, साळूबाईनं कापलं. मला काय करतो? जेलात मशीन असलं तर म्या आजच जाते."

हरिओम पाठ फिरवून डिझेलच्या मशीनची काच पुसू लागला. तिच्यावर धूळही नव्हती.

पातं दोनदा तुटलं. राजानंदचा घाम कुलपावर ठिबकत होता, आणि तो प्रत्येक ओढीला काहीतरी बोलत होता: डीपीला, वीजवाल्याला, फेटेवाल्यांना, हिरव्या ठिपक्याला. त्यातलं निम्मं इथं लिहिण्याजोगं नाही. कुलूप तुटलं. गन गाडीत बसली, मोबाइलवरून पैसे गेले, मशीन गुणगुणायला लागलं.

आणि बद्रीनाथचा फोन आला. मागं डीजे वाजत होता.

"कॅमेऱ्यात दिसून राह्यलं मला. कुलूप तोडलं तुम्ही?"

"तोडलं. कव्हाचा फोन लावून राह्यलो, तव्हा दिसला न्हाई का मी?"

"थांबता येत न्हाई का थोडं? तुमच्यातल्या लोकायला लई जल्दी. लगेच कायदा, लगेच तोडफोड."

राजानंदचा आवाज एकदम खाली आला. ज्योत्स्ना सांगते, तो ओरडतो तोपर्यंत भीती नाही. "आमच्यातल्या म्हंजी कोणातल्या, शेठ? गिऱ्हाइकातल्या का?"

पलीकडं बद्रीनाथ डीजेवाल्यावरच ओरडला, आवाज कमी कर म्हणून.

"सांगा ना. म्या पैशे देऊन गाडी भरून राह्यलो. तुम्ही चोरीची केस करा. बिलकुल करा. त्यात लिहा, वायर न्हाई नेली, तांबं न्हाई नेलं, एक बाई मरू दिली न्हाई."

फोन कट झाला. साळूबाई म्हणाली, "आता चल. रागात गाडी भरत आसती तर तू दिल्लीला पोचला आसता."

जेवढं भरलं तेवढ्यावर निघाले. दवाखान्यात पोचले तेव्हा साळूबाईच्या मशीनवर दुसराच माणूस होता. राजानंदनं तोंड उघडलं, पण भांडायला आवाजच उरला नव्हता. पंपावरच सगळा खर्च झाला होता. साळूबाई दाराशी फरशीवर बसली. तृप्ती सिस्टरनं तिच्या पायावर बोट दाबून बघितलं. खड्डा पडला तो भरून येईना. "आजच्या शेवटच्या पेशंटनंतर अर्धं डायलिसिस करते आजी," ती म्हणाली. "पुरं नाही होणार. पण शुक्रवार चुकवू नका. हे परत चुकलं तर मला हात देता येणार नाही." हे ती राजानंदकडं बघून म्हणाली.

त्यानं मान हलवली आणि बाजारात जाऊन नवं कुलूप घेतलं. येताना पंपावर थांबून साखळीला लावलं. एक किल्ली हरिओमच्या हातावर ठेवली. "ही पंपावरच राह्यली पाह्यजे. तू जेवायला गेला तरी. एक माझ्यापाशी."

शुक्रवार आला. डीपी आली नव्हती. राजानंद भल्या सकाळीच साळूबाईला घेऊन पंपावर गेला. साखळीला त्याचं कुलूप होतं. त्याच्या बाजूला आणखी एक कुलूप होतं, मोठं, नवं कोरं.

आज बद्रीनाथ स्वतः हजर होता. काचेच्या ऑफिसात, दार उघडं ठेवून, वर्तमानपत्र धरून. पान काही उलटत नव्हतं. हरिओम दूर उभा राहून जमिनीकडं बघत होता. बद्रीनाथ वाट बघत होता, हे बारक्या पोरालाही कळलं असतं. राजानंदनं यावं, दारात उभं राहावं, किल्ली मागावी.

राजानंदनं दाराकडं बघितलंही नाही. आपलं कुलूप आपल्या किल्लीनं काढलं आणि खिशात टाकलं.

"पातं आणलं का?" साळूबाईनं विचारलं.

"आणलं. जाडं आणलं."

तिनं खुर्ची ओढली, बसली, साखळी हाताला गुंडाळून ताणून धरली. पात्याची पहिली ओढ बसली तसा लोखंडाचा कर्रर्र आवाज पंपभर झाला. बद्रीनाथ उठला. त्याचा हात सदऱ्याखाली करगोट्याकडं गेला.

"थांब," तो म्हणाला. "देतो."

राजानंद थांबला नाही. साळूबाईनंही साखळी सोडली नाही. तिनं मोकळा हात, तो सुईचा, फुग्याचा हात, मागं न बघता बद्रीनाथकडं लांब केला.

"आण इकडं," ती म्हणाली. "तव्हर तो कापतो."