झोळीची गाठ
कोऱ्या कापडाच्या कांजीचा वास आला की सत्तर सालच्या आसपासचा सुरतेतला मागांचा कारखाना आठवतो. मी तिथे जॉबर, म्हणजे पाळीवरच्या विणकरांचा मुकादम होतो. सुत गुंडाळलेला जड रूळ, बीम, मागावर चढवताना माझ्याच गावच्या विणकराचा खांदा निखळला. डॉक्टरांनी तो बसवून कोऱ्या कापडाच्या झोळीत हात छातीशी बांधला. पाचव्या दिवशी मी त्याच्या खोलीवर गेलो. म्हणालो, "बदलीवाला आलाय, तुझे माग जातील." त्याची बायको आडवी आली, "डाक्टरनी तीन हप्ता सांगेल शे, दादा!" "मग डॉक्टरच चालवेल का माग?" म्हणत मीच झोळीची गाठ सोडली. बदलीवाला कुणी आलाच नव्हता. माझ्या पाळीचं कापड कमी भरत होतं. तो मागावर परतला, महिन्याभरात खांदा पुन्हा निखळला आणि पुढे निखळतच राहिला. कामावर परतायच्या त्याच्याच उतावळेपणानं हात गेला असं लोक म्हणत. त्यानं माझं नाव कधी घेतलं नाही. परवा त्याच्या तेराव्यालाही तेच कानावर आलं, तेव्हा मी उभा राहिलो. "काका, आता कशाला?" मुलगा म्हणाला. त्याची आई म्हणाली, "बोलू दे त्यासले." मी सगळ्यांसमोर बोललो, इथे लिहूनही ठेवतो: गाठ मी सोडली. ही लाज माझी आहे, कुणी ती झाकू नये.