पिशवी पुन्हा वापरा, असं मी सांगायचे

कचऱ्याच्या शेडमध्ये काम करते असं सांगितलं की लोक आधी वासाबद्दल विचारतात. वासाची दोन महिन्यांत सवय होते हो! किश्शांची होत नाही. तव्यावर पोळी टाकलेली असते, एखादा किस्सा आठवतो आणि पोळी करपते. पिशव्यांचा गठ्ठा बांधून टेम्पोत टाकता येतो, किस्से मात्र मागेच राहतात. मग अशा गप्पा निघाल्या की एकातून एक बाहेर यायला लागतात.

ठाण्यात बाळकुमला टॉवरच्या मागे आमची पत्र्याची शेड आहे. आसपासच्या सोसायट्यांचा सुका कचरा तिथे येतो. पाच बायका तो वेगळा करतात आणि मी त्यांची सुपरवायझर. सुपरवायझर म्हणजे टेम्पोवाल्याला फोन करायचा, आणि सोसायट्यांमध्ये जाऊन ‘प्लास्टिकची पिशवी फेकू नका, पुन्हा वापरा’ असं भाषण द्यायचं.

\*\*\*

माझं पहिलं भाषण एका सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये होतं. सोबत शेवंताबाईंना नेलेलं. शेवंताबाई आमच्यात सगळ्यात जुन्या. मूळच्या परभणीकडच्या, आता कळव्याला चाळीत राहतात, वय पन्नाशीच्या पुढे. त्या दाराशी उभ्या होत्या. त्यांना कोणी बसा म्हटलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर माझ्याही ते लक्षात आलं नव्हतं.

भाषण संपल्यावर कर्णिक सर उठले. रसायनशास्त्राचे रिटायर्ड शिक्षक. शाळेतली सवय, प्रश्न विचारल्याशिवाय सोडत नाहीत.

“एक पिशवी किती वेळा वापरायची?”

“फाटेपर्यंत, सर.”

“आणि फाटल्यावर?”

मी कागद चाळायला लागले. तेवढ्यात दारातून आवाज आला.

“मग ती माझ्याकडं येते, सर.”

कर्णिक सरांनी आपली खुर्ची उचलली, दारापर्यंत नेली आणि शेवंताबाईंपुढे ठेवली.

\*\*\*

सरांनी मग हे मनावरच घेतलं. मासळीसाठी एकच पिशवी ठेवायची, ती धुवायची, वाळवायची आणि दर रविवारी तीच न्यायची. कोलंबी असो की बोंबील, पिशवी तीच!

पाचव्या-सहाव्या रविवारी नाक्यावरच्या मासेवालीने हात जोडले. “सर, माझं म्हावरं आजचं हाय, पन तुमची पिशवी म्हयन्याची हाय. लोकं माझ्याकडं बघतान!”

सर ऐकेनात. घरी जाऊन त्यांनी पिशवी आणखी जोरात धुवायला घेतली. आधी साबण, मग लिंबू, मग पुन्हा साबण. त्या उन्हाळ्यात त्यांच्या बिल्डिंगला टँकर लागत होता. कर्णिक काकू एकदा थेट शेडवरच आल्या.

“अनघाताई, तुम्हीच सांगा आता. वीतभर पिशवी वाचवायला माणूस अर्धी बादली पाणी ओततो. हे कुठलं पर्यावरण?”

मी जपून म्हटलं, “काकू, मासळीला स्टीलचा डबा नेला तर?”

काकूंनी कपाळाला हात लावला. “अहो, माझ्या सासूबाई डबाच न्यायच्या! लग्न झाल्यापासून सांगतेय मी ह्यांना. पण मी कुठे क्लब हाऊसमध्ये माइकवरून सांगितलं?”

\*\*\*

एकदा लग्नसराईनंतर एका सोसायटीतून गोणीभर कापडी पिशव्या आल्या. कोऱ्या करकरीत! वर नवरा-नवरीचं नाव, खाली ‘प्लास्टिक टाळा, निसर्ग सांभाळा’. लग्नात आहेर म्हणून वाटलेल्या, उरलेल्या तशाच कचऱ्यात.

मला वाईट वाटलं. कापड आहे, बायकांना घरी उपयोगी पडेल, म्हणून मी गोणी बाजूला ठेवायला सांगितली. रेश्मा आमच्यातली सगळ्यात तरुण, तिशीची. तिने एक पिशवी हातात घेतली, चुरगाळली, नाकाशी नेली. मग शेडबाहेर जाऊन तिचा एक कोपरा काडीने पेटवला. कापडासारखी राख झाली नाही. कोपरा वितळला आणि काळा थेंब टपकन जमिनीवर पडून कडक झाला.

रेश्मा पिशवी घेऊन परत आली.

“मॅडम, हे कापड नाही. प्लास्टिकच आहे, लग्नाला नटून आलंय.”

\*\*\*

यापुढचा किस्सा म्हणून सांगू नये. पण तो सोडला तर बाकीचं सगळं खोटं होईल.

शेवंताबाई गाठी सोडवताना हातमोजे काढतात. हातमोज्यात गाठ सुटत नाही, आणि आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या पिशव्या गाठ मारलेल्याच असतात. त्या दिवशी वाण्याकडची एक पांढरी पिशवी होती, दोन-दोन गाठी मारलेली. वर चहाचा चोथा आणि खाली फुटलेली लोणच्याची बरणी. ओढ दिल्यावर गाठ सुटली आणि काच आत गेली. उजव्या हाताची दोन बोटं.

रिक्षातून नेताना मी माझी ओढणी त्यांच्या हाताला गुंडाळलेली. त्या मलाच सांगत होत्या, “घाबरू नका मॅडम, खाली बघू नका.” टाके पडले. दीड महिना त्या घरी होत्या. ती बोटं अजून पूर्ण मिटत नाहीत.

पिशवीत एका लॅबचं पाकीट होतं, त्यावर नाव आणि फ्लॅट नंबर. मी त्याच संध्याकाळी तशीच तिथे गेले. काय काय बोलायचं ते लिफ्टमध्ये ठरवलेलं. दार माझ्याच वयाच्या एका बाईने उघडलं. मी सांगितलं तशी ती पांढरीफटक पडली.

“पण मी पिशवी फेकली नव्हती हो! तुम्हीच त्या दिवशी सांगितलं ना, पुन्हा वापरा म्हणून? म्हणून तर कचरा भरायला वापरली.”

सांगितलं मीच होतं. कशी वापरायची, ते सांगितलं नव्हतं.

शेवंताबाई कामावर परत आल्या, त्याच आठवड्यात ती बाई शेडवर आली. हातात फळं घेऊन दारातच उभी राहिली. शेवंताबाईंनी तिला स्टूल दिलं, पाणी दिलं. मग शांतपणे म्हणाल्या, “पिशवी दोनदा वापरली, चांगलं केलंत ताई. फक्त गाठ मारायच्या आधी माझ्या हाताचा विचार करा. तोही मला रोज वापरायचाय.”

त्या घरातून आता काच वर्तमानपत्रात गुंडाळून येते. वर लाल पेनाने लिहिलेलं असतं, ‘काच आहे, सांभाळून.’

\*\*\*

रेश्माचं सासर डोंबिवली पश्चिमेला, कोपर स्टेशनजवळ. त्यांची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि घर रिकामं करायचं ठरलं, तेव्हा एका रविवारी मीही मदतीला गेलेले. भांडी बांधून झाली, गाद्या खाली गेल्या. शेवटी माळ्यावरून रेश्माच्या नवऱ्याने एक पत्र्याची पेटी काढली. रेश्माच्या सासूबाई लगबगीने पुढे आल्या.

“हळू रे! त्यात माझ्या पिशव्या आहेत.”

कित्येक वर्षांच्या पिशव्या. दिवाळीच्या साड्यांच्या, मुलाच्या पहिल्या बुटांच्या, केव्हाच बंद झालेल्या दुकानांच्या. प्रत्येकीची त्रिकोणी घडी. सासूबाई सांगत होत्या, “वाया घालवायचं नाही, हे आमच्या आईने शिकवलं. एकही फेकली नाही मी.”

त्यांनी वरची पिशवी उचलली आणि ती हातातच तुटली. फाटली नाही, तुटली. सुकलेल्या पापडासारखे तुकडे झाले. दुसरीचंही तेच. तिसरीचा तर भुगा झाला. पांढरे, निळे, गुलाबी कण त्यांच्या मांडीवर, लुगड्याच्या निऱ्यांत, फरशीवर. पंखा चालू होता, तो बंद करेपर्यंत कण सगळ्या घरभर!

“जपून ठेवलेल्या गं मी,” सासूबाई म्हणाल्या. “कामाला येतील म्हणून.”

रेश्माचा नवरा खराटा घेऊन आला. रेश्माने तो त्याच्या हातातून काढून घेतला, फडकं ओलं केलं आणि गुडघ्यांवर बसून एकेक कण टिपायला लागली. खराट्याने ते उडतात, मोरीत गेले तर नाल्यात जातात, हे तिला शेडमुळे माहीत. थोड्या वेळाने सासूबाईही फडकं घेऊन तिच्या शेजारी बसल्या. दोघी दुपारपर्यंत टिपत होत्या.

मध्येच सासूबाईंनी विचारलं, “मग मी काय करायला हवं होतं गं? वापरायच्या की द्यायच्या?”

“आणायच्याच नव्हत्या, आई,” रेश्मा म्हणाली. “पण आणल्यावाचून तरी तुम्ही काय करणार होतात? दुकानदार देत होता.”

\*\*\*

कॉलेजच्या दोन मुली एकदा सर्व्हेचा फॉर्म घेऊन आल्या. प्रश्न एकच: प्लास्टिकची पिशवी पुन्हा वापरणं पर्यावरणाच्या दृष्टीने योग्य आहे का? खाली तीन चौकोन. हो, नाही, सांगता येत नाही.

शेवंताबाईंनी विचारलं, “कुठली पिशवी?”

फॉर्मवाली मुलगी गोंधळली. शेवंताबाईंनी समोरच्या ढिगातून तीन पिशव्या काढून तिच्यापुढे मांडल्या. एक जाड, तांदळाची. “ही वर्षभर वापरा, हो.” एक पातळ, भाजीची. “ही तिसऱ्यांदा भोकं पडून रस्त्यात उडणार, गाय खाणार. ही घेऊच नका.” तिसरीत बाळाचा डायपर गुंडाळलेला होता. “ही वापरली, पण बघा कशाला. आता ही कुणाच्याच कामाची नाही, माझ्याही नाही.”

मुलगी म्हणाली, “मावशी, पण टिक एकाच चौकोनात करायची आहे.”

“मग चौकोन कमी पडले,” शेवंताबाई म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

\*\*\*

आता सावंत काकांचं सांगते.

आमच्याकडे सगळे पिशव्या द्यायला येतात. सावंत काका मागायला आलेले! जवळच्याच जुन्या बिल्डिंगमध्ये राहणारे, सत्तरी ओलांडलेले, इस्त्रीचा शर्ट, नीट भांग. एका सोमवारी सकाळी शेडच्या दारात उभे राहून त्यांनी विचारलं, “दहा पिशव्या मिळतील का? मळक्या चालतील. मळक्याच हव्यात.”

“कशाला, काका?” शेवंताबाईंनी विचारलं.

“हिला धुवायला.”

मग त्यांनी सांगितलं. काकूंना दोन वर्षांपासून काही आठवत नाही. मुलगा व्हिडिओ कॉलवर आला तर ‘हे कोण गृहस्थ?’ म्हणतात. दिवसभर घरात फेऱ्या मारतात, दार उघडायला बघतात. पण पिशव्या धुवायचं मात्र आठवतं. जन्मभर केलेलं काम. पिशवी उलटी करायची, चोळायची, गॅलरीत दोरीवर चिमट्याला लावायची, वाळली की चौकोनी घडी. तेवढा वेळ त्या शांत असतात. गुणगुणतात सुद्धा.

“घरातल्या संपल्या,” काका म्हणाले. “परवा धुतलेल्याच पुन्हा दिल्या, तर मला म्हणाली, ‘या धुतलेल्या आहेत. मला काय वेडी समजता?’”

पाणी वाया जातं, असं काहीतरी माझ्या ओठांवर आलेलं. मी ते गिळलं. शेवंताबाई ढिगाकडे गेल्या. एकेक पिशवी उलटी करून बघितली. ब्लेड नको, काच नको, घाण वास नको. दुधाच्या, बिस्किटाच्या, रंगीत अशा दहा निवडल्या आणि काकांच्या हातात दिल्या.

पुढच्या सोमवारी काकांनी त्या परत आणल्या. लखलखीत, चौकोनी घड्या, कडेला कड. घेऊन गेले ते नव्या दहा. असं वर्षभर चाललं असेल. धुतलेल्या पिशव्या आम्ही गठ्ठ्यात टाकायचो, त्या मळक्यांबरोबरच जायच्या. ते कोणी कधी काकांना सांगितलं नाही.

एकदा काका म्हणाले, “काल हिने विचारलं, एवढ्या पिशव्या कोणाच्या? मी म्हटलं, शेवंताबाईंच्या. तर म्हणाली, ‘मग स्वच्छ धुवायला हव्यात. लोकाची वस्तू आहे.’”

नंतर दोन सोमवार काका आले नाहीत. शेवंताबाईंनी दोन्ही सोमवारी दहा पिशव्या निवडून बाजूला ठेवल्या, आणि संध्याकाळी पुन्हा ढिगात टाकल्या.

तिसऱ्या सोमवारी ते आले. डोक्यावर पांढरी टोपी होती. याआधी त्यांना आम्ही टोपीत कधी बघितलं नव्हतं. घाम पुसायला त्यांनी ती जरा मागे सारली, तेव्हा खाली केस नव्हते. रेश्माने हातातलं काम थांबवलं. सगळ्यांनीच थांबवलं.

काकांनी पिशव्या टेबलावर ठेवल्या. दहाच होत्या, स्वच्छ होत्या. घड्या मात्र वेड्यावाकड्या, कुठली लहान, कुठली मोठी.

“या मी धुतल्यात,” ते म्हणाले.

शेवंताबाईंनी त्या दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवल्या. पदराला हात पुसला. ढिगाकडे गेल्या, एकेक पिशवी उलटी करून बघितली आणि नव्या दहा निवडून काकांपुढे धरल्या.

काकांनी टोपी पुन्हा पुढे ओढली. मग त्यांनी त्या घेतल्या.

“सोमवारी आणतो,” म्हणाले.