दिलीपच्या सायकलचं गियर

हे मी घरी कधी बोललो नाही. सायकलच्या ग्रुपमध्ये तर नाहीच — तिथं माझी वेगळीच इज्जत आहे. बायकोला एकदा सांगायला गेलो होतो. तिनं विचारलं, सायकलचंच आहे का काही? मी हो म्हणालो आणि ती पुन्हा भाजी निवडायला लागली. तिची चूक नाही. सायकलबद्दल मी इतकं बोलतो, की त्यातून एखादी खरी गोष्ट निघेल असं कुणाला वाटतच नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगायला जमेल असं वाटतंय. बघू.

मी बँकेत आहे. पन्नाशी कधीच ओलांडली. नागपुरातल्या आमच्या ग्रुपचा मी — काय म्हणावं — वैद्य. कुणाचे ब्रेक करकरतात, कुणाची चेन उडते, कुणाला नवे टायर निवडायचे असतात; रविवारी मिहानच्या रुंद रस्त्यांवर राइड झाली की सगळे माझ्या अंगणात. माझ्याकडे सायकल टांगायचा स्टँड आहे, पान्यांचा अख्खा संच आहे, चेन किती झिजली ते बघायची पट्टी आहे. पाय मात्र यथातथाच. सामान बघून वाटेल, हा गडी शर्यती मारत असेल. चढावर बघाल तर दया येईल. हसा, हरकत नाही. ग्रुपमध्येही हसायचे.

दिलीप हसायचा नाही.

दिलीप माझा मित्र. वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात सुपरवायझर आहे. अमरावती रोडच्या ट्रकांमधून काळी जड सायकल मारत वर्षानुवर्षं कामावर गेलेला माणूस. त्याला ग्रुपमध्ये मीच आणलं. ग्रुपमधल्या एकाची पुण्याला बदली झाली तेव्हा त्याची रोड बाइक, म्हणजे बारीक टायरची हलकी सायकल, दिलीपसाठी मीच पारखून घेतली. फ्रेमला तडा नाही ना, चाकं सरळ आहेत ना, सगळं बघितलं, सीटची उंची त्याच्या पायाच्या मापानं बसवली. "तूच बघ गा सुधीर, मले त्यातलं काई समजत नाई," असं म्हणून तो मोकळा व्हायचा. आणि एकदा बसला की सुटायचाच.

सेमिनरी हिल्सचा चढ तो गप्पा मारत चढायचा. गोदामातल्या गमती सांगायचा, आणि मी नुसता हूं हूं करायचो, कारण त्याहून जास्त श्वास माझ्याकडे नसायचा. शेवटच्या वळणाला तो पुढे निघायचा, वर जाऊन थांबायचा आणि मी धापा टाकत पोचलो की स्वतःची पाण्याची बाटली पुढे करायचा. टोमणा नाही, काही नाही. मला ते थांबणंच खुपायचं. का खुपावं? कुणी मित्रासाठी थांबलं तर बरं वाटायला हवं ना? पण मी त्याच्या बाटलीतलं पाणी पीत मनातल्या मनात त्याला शिव्या घालायचो. असा होतो मी. अजूनही असेन.

मग चिखलदऱ्याची राइड ठरली.

इथं थोडं समजावून सांगावं लागेल, कंटाळू नका. मागच्या चाकाला लहान-मोठ्या दातेरी चकत्यांचा एक गठ्ठा असतो. आम्ही त्याला कॅसेट म्हणतो. त्यातली सगळ्यात मोठी चकती जितकी मोठी, तितका चढ हलका जातो. दिलीपच्या सायकलची मोठी चकती अठ्ठावीस दातांची होती. नागपूर सपाट, इथं कशावरही भागतं. पण आमच्या वयाच्या माणसानं घाट चढायचा तर बत्तीस दाती लावून घ्यावी, गुडघे वाचतात. हे मला माहीत होतं. ग्रुपमध्ये माझ्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नव्हतं.

दिलीप आपणहून आला होता. उजवा गुडघा जरा धरतो म्हणाला. घाटासाठी सायकलमध्ये काही बदलायला हवं का, असं त्यानं विचारलं आणि मी म्हणालो — हे मी मनातही नीट म्हणू शकत नाही, दरवेळी इथंच अडखळतो — मी म्हणालो, बदलू की. आणि पंचवीस दाती बसवली.

म्हणजे हलकं करून मागितलेलं गियर मी जड करून दिलं. एक जुनी, जवळजवळ कोरी कॅसेट माझ्याकडे पडून होती, ती लावली. त्याला सांगितलं, घाटासाठी खास आहे. तो शेजारी उपड्या बादलीवर बसून चहा पीत होता आणि माझ्या हातांकडे कौतुकानं बघत होता. चुकून झालं असेल, असं तुम्हाला वाटतंय का? बत्तीस दातीचा नवा खोका तिथंच पायाशी होता. दिलीप गेल्यावर तो मी फोडला आणि आतली कॅसेट माझ्या सायकलला लावली.

मला फक्त एक सकाळ हवी होती. मी पुढे आणि तो मागे, अशी एक सकाळ. त्याचं वाईट व्हावं असं मनात नव्हतं — पण गुडघा धरतो हे त्यानं सांगितलेलं होतं. मग मनात काय होतं नि काय नव्हतं, याला काय किंमत?

परतवाडा सोडलं आणि घाट लागला. थोड्याच वेळात दिलीपच्या गप्पा बंद झाल्या. तो सीटवरून उठून, अंगाचा सगळा भार पॅडलवर टाकत एकेक फेरा काढत होता. सायकल डावी-उजवीकडे डुलत होती. मी त्याच्या बाजूनं पुढे निघालो. माझे पाय भिंगरीसारखे फिरत होते. धापा टाकत तो म्हणाला, "शाब्बास गा, सुधीर!" त्याला खरंच आनंद झाला होता. माझ्यासाठी आनंद झाला होता त्याला!

वर जाऊन मी थांबलो. तो आला तेव्हा मी बाटली पुढे केली. त्या वेळी मला जे सुख झालं ते लपवत नाही. फार सुख झालं. तो खाली बसला, गुडघा दोन्ही हातांनी धरला. घाटात जरा उतरून चालायचं होतं, असं मी म्हणालो. तर म्हणतो कसा, "तू एवढं खास लावून देलं, मंग उतरू कसा गा?"

परत आल्यावर गुडघा सुजला. गादी झिजली आहे, असं डॉक्टर म्हणाले. पण सायकल सोडायची गरज नाही, जोर लावायचा नाही, हलक्या गियरवर चालवायची. दिलीप डॉक्टरांकडून थेट माझ्याकडे आला. चेहरा उजळलेला होता. फाटकातूनच विचारलं, "आपलं गियर हलकंच आहे ना गा?"

तुम्ही काय केलं असतं, ते मला विचारायचं नाही. मी काय केलं ते सांगतो. कॅसेट बदलणं हे चहा उकळेपर्यंतचं काम आहे. त्याची जुनी कॅसेटही माझ्या कपाटात होती. पण बदलायला घेतली असती तर तो म्हणाला असता, काहून? या काहूनला मी घाबरलो. म्हणालो, "हलकंच आहे. माझंही तेच आहे."

त्यानं जरा विचार केला. मग म्हणाला, "मंग आपलंच इंजन गेलं म्हना." आणि सायकल घरी नेऊन भिंतीला टांगली.

या गोष्टीला काही वर्षं झाली. रविवारी तो अजूनही येतो. स्कूटरवर, तर्री-पोह्यांच्या वेळेला. उजवा पाय लांब करून बसतो. राइड कशी झाली, वारा कुठून होता, सगळं विचारतो. ऐकताना त्याचे पाय बसल्या जागी हलतात, हे मी पाहिलं आहे. कुणी नवा आला की त्याला सांगतो, सायकलचं काहीही असलं तर आमच्या सुधीरभाऊले विचारजो, त्याचा हात चुकत नाही.

आणि आता गेल्या महिन्यातलं. त्याची मुलगी मृणाल मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करते. तिच्या मनानं घेतलं की बाबांची सायकल आपण चालवायची, आणि पहिली मोठी राइड करायची ती चिखलदऱ्याचीच. दोघं ऑटोत सायकल घालून माझ्याकडे आले. दिलीपला मी खुर्ची दिली. मागचं चाक काढून मी पुसायला घेतलं, आणि मृणाल वाकून बघत होती. आजकालच्या मुली, सगळं वाचून आलेल्या. ती म्हणाली, "काका, ही तर पंचवीसची आहे. बाबा ह्याच्यावर घाट चढले? कुणी लावून दिली हो?"

"तुझ्या काकानंच," दिलीप खुर्चीतून म्हणाला. अभिमानानं म्हणाला. "खास घाटासाठी."

मृणालनं माझ्याकडे बघितलं. मी फडक्यानं हात पुसत होतो. किती पुसणार? दिलीपनं आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी काही बोलायच्या आत तोच बोलला, "तवा आमाले कोनाले काय समजत होतं वं! शिकूनच राहिलो होतो." मग माझ्याकडे वळून, "हाव का नाई गा?"

"हाव," मी म्हणालो.

त्याच्या मनात काय आलं असेल, मला माहीत नाही. मी बत्तीस दाती बसवली, चेन नवी लावली, ब्रेक तपासले. मृणाल गल्लीत फेरी मारायला गेली. दिलीप फाटकाशी उभा राहून, गज धरून, ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होता. मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, काम झकास झालं.

तेव्हा आम्हाला कळत नव्हतं, असं तो म्हणाला. त्याला कळत नव्हतं. मला सगळं कळत होतं.