क्लबचं दूध

दूध करपल्याचा वास आला की गिरणीच्या फुटबॉल क्लबचं मैदान आठवतं. तापाच्या साथीत क्लब मजुरांच्या मुलांना दूध वाटे आणि आम्ही शाळेतल्या मुली ते वाढत असू. मूल समोर आणल्याशिवाय दूध द्यायचं नाही, असा नियम होता. भवानी पेठेतली एक बाई मघाशीच दूध पिऊन गेलेलं मूल कडेवर घेऊन आली. “हे शेजारणीचं हाय, ताई,” ती हळूच म्हणाली, “माझं तापानं उठंना झालंय.” ती काय म्हणते, असं क्लबच्या इंग्रज साहेबांनी विचारलं, तेव्हा मी तिचं बोलणं जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. ते नाही म्हणाले. ती रिकामा लोटा घेऊन गेली. तिसऱ्या दिवशी क्लबनं दुधासाठी घरटी दिलेला बिल्ला परत द्यायला आली. “आता लागत न्हाय,” म्हणाली. साहेबांना मराठी कळत नव्हतं. मी काहीही सांगू शकले असते, हे मला फार उशिरा सुचलं.